ऑफ-रोड रेसकारसाठी दणकट ट्रान्सअ‍ॅक्सल कसा निवडायचा

ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफ, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल, एकाच केसिंगमधे; पुढे नुसतं बॉक्स म्हणतो) घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती हॉर्सपॉवर झेलतो?" आणि विकणाराही तोच आकडा पुढे करतो. माझं स्पष्ट मत आहे की ऑफ-रोडसाठी हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. बॉक्सवर प्रत्यक्षात किती जोर येणार हे ठरतं मागच्या चाकांवरच्या वजनावरून, टायरवरून आणि क्लचवरून. इंजिन फक्त जोर द्यायचं काम करतं, तो जोर अडवून धरणारं दुसरं टोक जमिनीवर असतं, आणि बॉक्स या दोघांच्या मधे चिरडला जातो.

थोडं गणित करून बघू, नुसता गुणाकार आहे. समजा गाडी ड्रायव्हर-पेट्रोलसकट १२०० किलोची, अ‍ॅक्सिलरेट करताना त्यातलं ८५० किलो मागच्या चाकांवर येतं, टायर ३५ इंची, म्हणजे वजनाखाली दबलेला असताना त्रिज्या साधारण ०.४२ मीटर धरा. कडक मातीवर पकड ०.७ धरली तर दोन्ही चाकं मिळून फार तर २४५० न्यूटन-मीटर जमिनीला देऊ शकतात, त्यापुढे टायर घसरणार. आता इंजिन ४०० न्यूटन-मीटरचं, पहिला गिअर ३.० आणि क्राउन-पिनियन (ताकद चाकांकडे वळवणारी शेवटची दातांची जोडी, पिनियन छोटं, क्राउन मोठा) ४.८६ असेल तर चाकाशी ५८०० च्या वर टॉर्क तयार होतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त नुसती माती उडवण्यात जातो. चौथ्या गिअरमधे (१.१७) तोच हिशोब २२७० च्या आसपास येतो, म्हणजे इथे मात्र जवळपास सगळा टॉर्क जमिनीत उतरतो. सपाट जमिनीवर एवढंच चित्र असतं आणि बऱ्यापैकी कुठलाही चांगला बॉक्स ते सहन करतो.

खरी गडबड उडीत होते. गाडी हवेत गेली, पाय थ्रॉटलवरच आहे, चाकं मोकळी झाल्यामुळे इंजिन एकदम रेव्ह मारतं आणि चाकंही गाडीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरायला लागतात. मग गाडी खाली येते, मागच्या चाकांवर क्षणभर दुप्पट-तिप्पट वजन पडतं, टायर मातीत रुततो आणि जमीन चाकांना झटक्यात गाडीच्या वेगावर आणते. पण क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच अजून त्या वरच्या रेव्हवर फिरताहेत, ती सगळी ऊर्जा पिनियनच्या एक-दोन दातांवरून जमिनीत जाऊ बघते. वरच्या हिशोबात वजन तिप्पट केलं तर टायरची पकड ७३५० न्यूटन-मीटरपर्यंत जाते, इंजिन चौथ्यात जेवढं देतं त्याच्या तिपटीहून जास्त. हॉर्सपॉवरच्या रेटिंगमधे हे कुठेच दिसत नाही.

आणि इथेच क्लच मधे येतो, ज्याचा विचार फार कमी लोक करतात. टायर कितीही घट्ट रुतला तरी इंजिनाकडून येणारा झटका क्लचमधून जितका जाऊ शकतो तितकाच बॉक्सपर्यंत पोचतो, बाकीचं क्लच घसरून खातो. क्लच ६०० न्यूटन-मीटर धरणारा असेल तर चौथ्या गिअरमधे चाकाशी ३४०० पेक्षा जास्त झटका येणारच नाही. "स्ट्राँग असावा" म्हणून १२०० वाला टाकलात तर तीच मर्यादा ६८०० वर गेली, इंजिन तेच, बॉक्स तोच, फक्त फ्यूजच्या जागी जाड तार बसवली. म्हणून क्लच निवडताना इंजिनाच्या टॉर्कच्या दीडपट, फार तर त्याच्या थोडं वर, एवढ्यावर थांबा असं मी सगळ्यांना सांगतो. बॉक्सबद्दल चौकशी करताना इंजिनाबरोबर गाडीचं रेसच्या दिवशीचं वजन, टायरचा साइज आणि क्लचची क्षमता हे तीन आकडे स्वतःहून द्या. समोरच्याने हे आकडे विचारलेच नाहीत आणि थेट मॉडेल सुचवलं तर दुसरीकडे पण विचारून या.

आता खरेदीआधी रूलबुक. तुमच्या क्लासला काय चालतं हे आधी वाचा, कारण १६०० सीसीच्या बग्गी क्लासेसमधे फोक्सवॅगनवर आधारित बॉक्सच वापरावा लागतो, तिथे तुम्ही कितीही पैसे घेऊन उभे राहिलात तरी रेसिंगसाठी घडवलेला मोठा बॉक्स बसवता येणार नाही. ओपन क्लासमधे मात्र मोकळं रान असतं.

या खेळात फोक्सवॅगनचं नाव सारखं का येतं तर पाया तिथूनच पडला. १९६७ मधे बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पहिली मेक्सिकन १००० झाली, तीच पुढे बाहा १००० म्हणून प्रसिद्ध झाली, आणि ती जिंकली होती बीटलच्या सांगाड्यावरच्या मेयर्स मँक्स बग्गीने, व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी २७ तास ३८ मिनिटांत. हलकी गाडी, मागे इंजिन, मागच्याच चाकांना ताकद, आणि इंजिन-गिअरबॉक्स-डिफ सगळं एका गठ्ठ्यात. हीच मांडणी आजच्या बग्गीपर्यंत चालत आलीय.

बॉक्सची उतरंड साधारण अशी आहे. सगळ्यात खाली बीटलचा टाइप १, हलक्या १६०० च्या गाडीला मजबूत साइड कव्हर आणि सुपर डिफ (डिफच्या आत दोनाऐवजी चार छोटे स्पायडर गिअर असलेला) टाकून व्यवस्थित पुरतो. त्याच्या वर फोक्सवॅगन बसचे ००२ आणि ०९१, यात ०९१ जास्त दणकट, आणि मध्यम वजनाच्या, चार सिलिंडरवाल्या गाडीला नीट बांधलेला ०९१ अजूनही पैसे वसूल करून देतो. मग पोर्शेचा ९३०, म्हणजे ९११ टर्बोचा चार गिअरचा बॉक्स, कारखान्यातून निघालेल्या बॉक्समधे हा फार मानाचा, पण जुना झालाय, पार्ट महाग, आणि चांगला नग सापडणं कठीण. त्याच्यानंतरचा पाच गिअरचा जी५० पण वापरतात. या सगळ्याच्या वर रेससाठीच घडवलेले बॉक्स, वेडल, फोर्टिन, मेंडिओला, ऑस्ट्रेलियातले अल्बिन्स, इंग्लंडचे हेवलँड. (हेवलँडने सुरुवातीच्या रेसिंग बॉक्सना बीटलचंच केसिंग वापरलं होतं, म्हणजे वंश तोच.) व्ही८ आणि ३५ इंचाच्या वरचे टायर असतील तर माझ्या मते सरळ या शेवटच्या गटातच बघा. साध्या गाडीच्या बॉक्समधे एकेक भारी पार्ट टाकत गेलं की शेवटी खर्च तिथेच येऊन पोचतो आणि केसिंग मात्र जुनंच राहतं.

केसिंगवर जरा थांबतो कारण दात तुटतात ते बहुतेक वेळा दात कमकुवत म्हणून तुटत नाहीत. क्राउन आणि पिनियन एकमेकांना फिरवतात तसे एकमेकांना दूरही ढकलतात. जोर वाढला की क्राउन साइड कव्हरच्या दिशेने सरकतो, पिनियन मागे दाबलं जातं, केसिंग थोडंसं फाकतं. हे फाकणं मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात असतं पण दातांचा संपर्क तेवढ्यानेच मधून सुटून कडेला जातो, मग सगळा भार दाताच्या टोकावर आणि तिथून चिरा पडायला सुरुवात. फोक्सवॅगनची मूळ केसिंगं मॅग्नेशियमची, वजनाला हलकी पण तापल्यावर आणखी मऊ पडतात. रेसिंगची केसिंगं जाड अ‍ॅल्युमिनियमची, आतून रिब दिलेली. म्हणून कॅटलॉग बघताना आधी क्राउनचा व्यास बघा, मग पिनियनला बेअरिंग कुठली आणि किती, ती एकमेकांपासून किती लांब, साइड कव्हर किती जाड आणि किती बोल्टनी धरलंय. क्राउनचा व्यास जितका मोठा तितका त्याच टॉर्कला दातावरचा जोर कमी, याला पर्याय नाही.

गिअर किती हवेत? इथे लोक सहाच्या मागे धावतात. त्याच लांबीच्या केसिंगमधे जितके जास्त गिअर कोंबाल तितकी प्रत्येक गिअरची रुंदी कमी, आणि रुंदी कमी म्हणजे ताकद कमी. इंजिनाला खालपासून भरपूर टॉर्क असेल तर चार गिअर पुरतात. छोटं, वरच्या रेव्हवरच जोर देणारं इंजिन असेल तर पाच लागतातच. स्वतः मोजून बघा: आधी वरचा गिअर ठरवा. ३५ इंची टायर एका फेऱ्यात साधारण २.७ मीटर जातो, ताशी २०० किमी म्हणजे मिनिटाला ३३३३ मीटर, म्हणजे चाकाच्या १२३५ फेऱ्या. इंजिन ७००० ला असेल तर एकूण रेशो ५.६७ हवा, ४.८६ च्या क्राउन-पिनियनने भागा, चौथा आला १.१७. पहिला ३.० ठेवला तर १५०० आरपीएमला गाडी ताशी १७ किमीच्या आसपास सरकते, दगडधोंड्यातून क्लच न जाळता जायला हे बरं पडतं. मधले गिअर सारख्या अंतराने भरले तर चार गिअरमधे प्रत्येक शिफ्टला ७००० वरून साधारण ५१०० ला येता, पाचमधे ५५०० ला. तुमचं इंजिन ५१०० ला ओढतं का, एवढाच प्रश्न. ओढत असेल तर चारवर थांबा आणि रुंद गिअर घ्या. आणि हो, वाळूत प्रत्येक शिफ्टला गाडीचा वेग पडतो, त्यामुळे कमी शिफ्ट हा पण फायदाच.

सिंक्रो (घासून आधी वेग जुळवतो, मग गिअर अडकवतो) की डॉग (मोठे दात थेट गिअरमधे अडकवतो)? रेससाठी डॉग, यात फार चर्चा नको. सिंक्रोची पितळी रिंग लांबच्या रेसमधे तापते, झिजते आणि मग गिअर कुरकुरतो. पण डॉगला ड्रायव्हर पक्का लागतो, शिफ्ट एकदम आणि पूर्ण मारायची, भीतभीत अर्धा गिअर टाकलात की डॉगचे कोपरे गोल होतात आणि मग तो गिअर भर रेसमधे आपोआप सुटायला लागतो. सिक्वेन्शियल (लिव्हर नुसता पुढे-मागे, गिअर क्रमानेच पडतात) की एच पॅटर्न (नेहमीच्या गाडीसारखा) हे खिसा आणि सवय यावर ठरवा. खडबडीत रस्त्यावर हात हलत असताना सिक्वेन्शियलमधे चुकीचा गिअर पडायची शक्यता कमी, एचमधे आत सुटे भाग कमी आणि उघडून बांधायला सोपा.

डिफचं मात्र नीट ठरवा. स्पूल म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधलेली, तुटायला जवळपास काही नाही, वाळूत सरळ रेषेत मस्त, पण वळताना गाडी पुढे ढकलत राहते आणि अ‍ॅक्सल-सीव्हीवर (अॅक्सलच्या टोकाचा, कोनात फिरणारा सांधा) कायम पीळ बसतो. मागच्या एकेका चाकाला वेगळा कटिंग ब्रेक लावून वळायची सवय असेल तर स्पूल घेऊन उपयोग नाही, कारण एक चाक धरलं की दुसरंही थांबतं. अरुंद वळणांच्या ट्रॅकला लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफ) घ्या आणि त्याच्या प्लेट झिजतात, वेळोवेळी बदलायच्या, हे धरूनच चाला.

इंजिन अ‍ॅक्सलच्या मागे आहे की पुढे हे ऑर्डर देतानाच सांगायचं. मागच्या इंजिनासाठीचा बॉक्स तसाच उलटा फिरवून मिड-इंजिन गाडीत टाकला तर एक गिअर पुढचा आणि बाकी सगळे रिव्हर्स होतात. क्राउन दुसऱ्या बाजूला बसवून हे सुटतं, पण सगळ्या बॉक्समधे ते तितकं सोपं नसतं, काहींमधे आतून केसिंग घासावं लागतं. काही बॉक्स पूर्ण उपडा करून लावतात, तसं करायचं असेल तर ऑइलची लेव्हल, ब्रीदर (बॉक्समधली हवा आत-बाहेर जायची नळी) आणि ऑइल उचलायची जागा सगळंच बदलतं, बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय हे करू नका.

बॉक्सची रुंदी पण बघा. दोन्ही आउटपुट फ्लँजमधलं (अॅक्सल जिथे बोल्टने जोडतात त्या चकत्यांमधलं) अंतर जितकं कमी तितका अ‍ॅक्सल लांब, आणि अ‍ॅक्सल लांब असला की तेवढ्याच सस्पेन्शन ट्रॅव्हलला सीव्हीचा कोन कमी राहतो. रुंद बॉक्स घेतला आणि ट्रॅव्हल मोठा ठेवला की सीव्ही तापून फुटणार. सीव्हीचे साइज फोक्सवॅगन-पोर्शेवरूनच ओळखले जातात: टाइप १ चा ९४ मिमी, टाइप २ चा १०० आणि ९३० चा १०८, त्याच्या वर रेसिंगचे मोठे. बॉक्स निवडतानाच फ्लँज कुठल्या साइजचा मिळतो ते विचारा. आणि सगळीकडे सगळ्यात मोठं असं करू नका, काहीतरी तुटणारच असेल तर ते अ‍ॅक्सल किंवा सीव्ही असावं, ते वाळवंटात बसून बदलता येतं, पिनियन येत नाही.

ऑइल आणि कूलिंग. लांबच्या रेसला बाहेरचा कूलर, पंप आणि फिल्टर असलाच पाहिजे. त्यातही ऑइल परत येताना त्याचा फवारा क्राउन-पिनियन जिथे भिडतात तिथे पडतो का हे विचारा, नुसतं तळात सोडून दिलेलं गार ऑइल तितकं कामाचं नाही. टेंपरेचर सेन्सर कूलरच्या आधी लावा, नंतर लावलात तर गेज तुम्हाला चांगलीच बातमी देत राहील. ११० अंशांच्या आसपास ठीक, १३० च्या वर सतत राहायला लागलं तर कूलर लहान पडतोय. ऑइल बनवणारा सांगेल तेच टाका, जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सगळीकडे चालतं असं नाही, पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या बॉक्सला बऱ्याचदा जीएल-४ च लागतं. ब्रीदरची नळी उंच न्या, पाण्यातून गाडी गेली की गरम बॉक्स एकदम गार होतो आणि खालच्या ब्रीदरमधून पाणी आत ओढतो.

सेकंडहँड घेत असाल तर उघडून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर सोडून द्या. पहिल्यांदा ड्रेन प्लगचं मॅग्नेट. त्यावर राखाडी, मऊ, बोटावर पसरणारी पेस्ट असणं नॉर्मल. बोटांत चोळल्यावर टोचणारे चकचकीत तुकडे आले म्हणजे कुठलातरी दात किंवा बेअरिंग सुटतंय. मग साइड कव्हर काढून क्राउनचा प्रत्येक दात टॉर्चच्या उजेडात, टॉर्च आडवी धरून बघा, वरून सरळ उजेड टाकला की सगळं गुळगुळीत दिसतं. जोराच्या बाजूला दाताच्या मधोमध लांबट घासलेला पट्टा हवा. पट्टा टोकाकडे सरकलेला, कडेला सुईच्या टोकाएवढे खड्डे, किंवा दाताच्या मुळाशी केसासारखी रेघ, यातलं काहीही दिसलं तर क्राउन-पिनियनची किंमत वजा करूनच बोला. डॉगवर नख फिरवा, कोपरा नखाला अडकला पाहिजे, नख घसरलं तर गिअर सुटणार. शिफ्ट फोर्कच्या टोकांवर निळसर रंग म्हणजे तापून घासलेला. शेवटी केसिंग पुसून बेअरिंगच्या खाचांभोवती आणि माउंटच्या कानांपाशी चिरा शोधा, पेनिट्रंट डाय (चिरेत शिरून ती उठून दाखवणारा रंग) मिळाला तर तो मारून बघा, साध्या डोळ्यांना चीर तेलकट रेषेसारखी दिसते आणि सहज निसटते.

माउंटिंगबद्दल एकच, पण महत्त्वाचं. मागे लटकणारं इंजिन फक्त बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या, क्लचभोवतीच्या कव्हरच्या) बोल्टवर तोलून ठेवू नका, प्रत्येक उडीत त्याचं सगळं वजन केसिंगला मोडायला बघतं. इंजिनाला मागून स्वतंत्र आधार द्या, आणि चेसिस पिळली तर तो पीळ बॉक्सने अंगावर घ्यावा लागणार नाही अशी माउंटची जागा ठरवा.

पैसे देण्याआधी पार्टची चौकशी करून ठेवा: क्राउन-पिनियन, बेअरिंग सेट, डॉग रिंग, फोर्क आणि सील. यातलं काय स्टॉकमधे असतं, काय मागवावं लागतं आणि किती दिवसांत येतं. दोन रेसच्या मधे बॉक्स उघडून बांधायचा असतो, आणि जो पार्ट दोन महिन्यांनी येणार तो तुमच्यासाठी नसल्यात जमा. बांधणारा कोण हेही तितकंच बघा. पिनियनची खोली शिम (पातळ चकती) लावून बसवलीय का, बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळी जागा किती ठेवलीय (फोक्सवॅगनच्या बॉक्समधे तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी असतो), बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) किती, हे आकडे कागदावर लिहून मागा आणि दातांवर रंग लावून काढलेल्या पॅटर्नचा फोटो पण घ्या, पुढच्या वेळी उघडल्यावर काय हललंय ते त्यावरूनच कळतं.

बॉक्स हातात आला की पहिल्याच दिवशी रेसला नेऊ नका. नवीन क्राउन-पिनियन आधी हलक्या हाताने थोडं चालवा, चांगलं तापू द्या, मग पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा आणि मधे एकही उडी नको. त्यानंतर ऑइल गरम असतानाच काढा, स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून फडक्यावर काय राहतं ते बघा, फिल्टर कापून बघा, मॅग्नेट पुसा, नवीन ऑइल भरा, आणि साइड कव्हरचे व अ‍ॅक्सल फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने परत एकदा तपासून मार्करने रेघ मारून ठेवा.